दारूकामाचे इतिहासकार : प. कृ. गोडे

नरकचतुर्दशीच्या पहाटे पेडण्यापासून डिचोलीपर्यंत गावोगाव नरकासुर जाळला जातो. त्याच्या पोटात गवताबरोबर फटाकेही भरलेले असतात. कथा पुराणातली, म्हणून फटाकेही पुराणकाळचेच, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत कालनिर्णयाच्या कसोटीवर घासून पाहणारे संशोधक म्हणजे परशुराम कृष्ण गोडे.

गोडे मूळचे कोकणचेच. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख येथे १८९१ साली त्यांचा जन्म झाला. १९१९ पासून १९६१ साली निधन होईपर्यंत ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर होते. हस्तलिखितांच्या सहवासात राहून त्यांनी नथ, विडा, अत्तरे अशा नित्याच्या वस्तूंचाही इतिहास लिहिला.

त्यांच्या आधी, १८८० साली, गुस्ताव ऑपर्ट यांनी शुक्रनीतीसारख्या ग्रंथांच्या आधारे प्राचीन भारतात तोफा-बंदुका होत्या असे प्रतिपादन केले होते. स्वाभिमानी वाचकांना ते रुचणारच होते. गोडे यांनी मात्र प्रत्येक पुराव्याला त्याची तारीख विचारली. भारतातील १४०० ते १९०० या काळातील दारूकामाचा त्यांचा इतिहास १९५३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरने प्रसिद्ध केला. १४४३ साली इराणी वकील अब्दुर रझाक याने विजयनगरच्या महानवमीत दारूकाम पाहिले, ही त्यातली एक महत्त्वाची नोंद. तेव्हा गोवाही विजयनगरच्याच अंमलाखाली होता.

ओडिशाचा राजा प्रतापरुद्रदेव याच्या कौतुकचिंतामणी या ग्रंथातील कृती रसायनाच्या विद्यार्थ्याने अवश्य समजून घ्याव्यात. तेथे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या जोडीला पोलादाचे व बिडाचे चूर्ण सांगितले आहे. सोरा तापला की प्राणवायू सोडतो, कोळसा व गंधक त्यात जळतात, आणि तापलेले लोखंडाचे कण हवेत पेट घेऊन सोनेरी ठिणग्या होतात. बिडात कार्बन अधिक, म्हणून त्याची ठिणगी फुटून फुलासारखी पसरते. ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांची पांढरी झळाळी दारूकामात आली ती एकोणिसाव्या शतकात. सोऱ्याशिवाय यातले काहीच साधत नाही. तेव्हा महाकाव्यातील अग्न्यस्त्राच्या वर्णनावरून दारू सिद्ध होत नाही.

एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात कृष्णाच्या लग्नात दारूकाम उडते. गोडे यांनी त्यावरून द्वारकेचा नव्हे, तर सोळाव्या शतकातील महाराष्ट्राचा लग्नसोहळा ओळखला. कवी आपल्या काळचे वैभव देवाला अर्पण करतो, हे त्यांनी जाणले होते.

दारूची विद्या चीनमधून आली आणि येथील कारागिरांनी स्थानिक द्रव्ये वापरून ती आपलीशी केली, हा त्यांचा निष्कर्ष. त्याने आपल्या परंपरेला कमीपणा येत नाही. परंपरेचे वय वाढवून सांगण्यापेक्षा ते नीट मोजणे ही तिची मोठी सेवा होय, हा धडा मराठी वा कन्नड, शास्त्र वा साहित्य, कोणत्याही विषयाच्या विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे.