पाच मिनिटं पंचावन्न सेकंद

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. आवडत्या बँडचा नवा अल्बम येणार अशी बातमी आली, की बाकीचे विचारतात, कधी येणार? हा विचारतो, सगळ्यात मोठं गाणं किती मिनिटांचं आहे? गाण्यांची यादी बाहेर पडली की नावं तो नंतर वाचतो, आधी समोरचे आकडे बघतो. तीन-दहा, तीन-चाळीस, दोन-पंचावन्न... बिचाऱ्याचं तोंड पडतं. आणि मध्येच कुठं आठ-वीस दिसलं, की त्या संध्याकाळी पार्क चौपाटीवर सगळ्यांना भेळ त्याच्याकडून!

तुम्हीच तो असाल, तर आजची गोष्ट खास तुमच्यासाठी. ती सुरू होते आपल्या पाचगणीत.

शाळेच्या सहलीत तुम्ही टेबललँडवर घोड्यावर बसून फोटो काढला असेल. त्याच गावात सेंट पीटर्स नावाची जुनी निवासी शाळा आहे. 1955 मध्ये तिथं आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला, फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी तिथल्या ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. घराणं मूळचं गुजरातच्या बलसाडचं, म्हणून आडनाव बलसारा. आई-वडील समुद्रापलीकडं, आणि पोरगं सह्याद्रीतल्या धुक्यात. होस्टेलवर राहणाऱ्यांना त्याच्या पहिल्या काही रात्री कशा गेल्या असतील हे वेगळं सांगायला नको.

मुलगा लाजाळू होता. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळं पुढचे दात बाहेर आलेले, आणि पोरं त्यावरून चिडवायची. पण पियानोसमोर बसला की गडी वेगळाच. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो तसंच्या तसं वाजवून दाखवायचा. मुख्याध्यापकांनी हे हेरलं आणि घरी पत्र पाठवून पियानोची वेगळी शिकवणी लावायला सुचवलं. 1958 मध्ये पाच मित्रांनी मिळून शाळेतच बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. त्यात फारुख पियानोवर. मुख्य गायक दुसराच मुलगा होता! पण ‘फ्रेडी’ हे नाव त्याला मिळालं ते पाचगणीतच.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. शाळा सोडून तो झांझिबारला परतला. 1964 च्या जानेवारीत तिथं क्रांती उसळली आणि बलसारा कुटुंबाला जीव मुठीत धरून इंग्लंड गाठावं लागलं. लंडनच्या विमानतळाजवळ छोटं घर मिळालं. याच विमानतळावर फ्रेडीनं सामान उचलायचं कामही केलं. ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली, बाजारात जुने कपडे विकायचा स्टॉल लावला. 1970 मध्ये गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांच्यासोबत बँड उभा केला, नाव ठेवलं ‘क्वीन’. बँडचं बोधचिन्ह स्वतः काढलं आणि आडनाव बदलून मर्क्युरी केलं. वर्षभरानं बेसवर जॉन डिकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

1974 चा त्यांचा दुसरा अल्बम ज्यांनी ऐकला, त्यांना या बँडचं वेड लागलं ते लांब, वळणावळणाच्या गाण्यांमुळंच. एका गाण्यात चार गाणी कोंबलेली वाटावीत असा प्रकार. त्याच वर्षी ‘किलर क्वीन’ ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणं हिट, खिसा मात्र रिकामा. आधीच्या व्यवस्थापन कंपनीशी झालेला करारच तसा होता. 1975 चा अल्बम पडला असता तर बँड टिकला असता का, याची त्या चौघांनाही खात्री नव्हती.

अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? तीन मिनिटांचं, पटकन तोंडी बसणारं गाणं करेल. फ्रेडीनं नेमकं उलटं केलं.

ही तीन मिनिटांची भानगड आली कुठून, तेही जरा बघा. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. आपल्याकडं अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनाही तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला. त्याआधी गाण्याला असं माप नव्हतं. आपल्या सोलापूरचे राम जोशी कीर्तनातही रमले आणि तमाशाच्या फडातही. त्यांचे श्रोते काही घड्याळ लावून बसत नव्हते. तबकडी सुधारली, जास्त मावायला लागलं, पण रेडिओवाल्यांना सवय तीन मिनिटांचीच राहिली.

1975 च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं काम सुरू झालं. अख्खं गाणं फ्रेडीच्या डोक्यात तयार होतं, बाकीच्यांना ते तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. तो पियानोवर वाजवता वाजवता थांबायचा आणि सांगायचा की इथं मध्ये ऑपेरा येणार. रॉकच्या गाण्यात ऑपेरा! भारुडाच्या मध्येच कुणी बडा ख्याल सुरू करावा, तसं.

त्या तुकड्यातला अफाट जमाव म्हणजे फक्त तिघं जण. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर दिवसाला दहा-बारा तास गात राहिले, जवळपास तीन आठवडे. टेपवर ट्रॅक होते 24. जागा संपली की सगळे आवाज एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं. असे आवाजांचे थर गेले 180 च्या घरात. तुमच्या लॅपटॉपवर आज हे काम एका दुपारचं आहे. तेव्हा टेप इतकी झिजली, की उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं, असं बँडवाले पुढं सांगत.

गाणं झालं पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. त्याला धृपदच नाही! एकदा गेलेला भाग परत येत नाही. रेकॉर्ड कंपनी म्हणाली कापा. बँड म्हणाला, वाजलं तर पूर्ण, नाहीतर नाही. मग फ्रेडीनं आपला दोस्त केनी एव्हरेट याला एक प्रत दिली. तो रेडिओवर निवेदक होता. अट एकच, वाजवायचं नाही. आता ती अट कशी घातली असेल हे तुम्हीच समजून घ्या. त्या शनिवार-रविवारी एव्हरेटनं ते चौदा वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानांत रेकॉर्ड मागायला हजर, आणि रेकॉर्ड अजून बाजारात आलेलीच नाही. ती आली 31 ऑक्टोबरला, आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसली. त्याच अल्बमवर ब्रायननं लिहिलेलं ‘द प्रॉफेट्स साँग’ तर आठ मिनिटांच्या पुढं जातं. लांबीवेड्यांची दिवाळीच.

आणि मग? तुमच्या त्या मित्राचं तोंड पडायला सुरुवात इथूनच होते. 1977 मध्ये ‘वी विल रॉक यू’ आलं, जेमतेम दोन मिनिटांचं. कारण कार्यक्रमात आता हजारो लोक सोबत गात होते, आणि बँडला त्यांच्यासाठीच गाणी हवी होती. म्युनिकमधल्या हॉटेलात आंघोळ करता करता फ्रेडीला ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’ सुचलं, तेही तीन मिनिटांच्या आतलं. 1982 चा ‘हॉट स्पेस’ तर नाचायच्या तालावरचा. जुने चाहते जाम चिडले. माझ्या मते तो अल्बम लोक म्हणतात तेवढा टाकाऊ नाही. पण दर वेळी नव्या अल्बमकडून त्या सहा मिनिटांसारखं काहीतरी मागणाऱ्यांना तो टोचला, यात नवल नाही.

13 जुलै 1985 चा लाइव्ह एडचा कार्यक्रम तुम्ही 2018 च्या सिनेमात पाहिला असेल. वेम्बलीत 72,000 माणसं, क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. सुरुवात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’नं. पण किती? फक्त पहिला, पियानोवरचा भाग. जे गाणं कापायला दहा वर्षांपूर्वी नकार दिला, ते त्या दिवशी फ्रेडीनं स्वतःच अर्ध्यावर सोडलं आणि पुढच्या गाण्यात उडी घेतली. तसाही ऑपेराचा भाग मंचावर ते कधीच गात नसत. टेप लावून आत जात आणि रॉकचा भाग आला की बाहेर येत. तिघांच्या गळ्यातून 180 आवाज काढणार कसे?

1987 मध्ये त्याला एचआयव्हीचं निदान झालं. तेव्हा त्यावर आजच्यासारखी औषधं नव्हती. जवळच्या मोजक्या लोकांखेरीज कुणाला पत्ता नव्हता. वर्तमानपत्रं त्याच्या खंगलेल्या चेहऱ्यावरून तर्क लढवत होती, तो काही बोलत नव्हता. कार्यक्रम तर 1986 च्या ऑगस्टपासूनच बंद होते, आणि आता तो स्टुडिओत जात राहिला, अंगात ताकद असेल तेवढे तास.

1991 च्या जानेवारीत ‘इन्युएंडो’ आलं. साडेसहा मिनिटं! मध्येच स्पॅनिश फ्लॅमेंको गिटार, मग संथ झुलणारा भाग, मग पुन्हा गडगडाट. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात उभं. गाणं आलं तेच थेट पहिल्या क्रमांकावर, क्वीनला ब्रिटनमध्ये हे स्थान जवळजवळ दहा वर्षांनी मिळालं. पण व्हिडिओत फ्रेडी प्रत्यक्ष नव्हताच. जुनी दृश्यं, चित्रं आणि मातीच्या बाहुल्या होत्या. का, ते चाहत्यांना नोव्हेंबरमध्ये कळलं. 23 तारखेला त्यानं आजार जाहीर केला, 24 तारखेला तो गेला. वय 45. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. डिसेंबरमध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा बाजारात आणलं, ते पुन्हा पहिलं आलं, आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले.

1995 मध्ये उरलेल्या ध्वनिमुद्रणांतून ‘मेड इन हेवन’ निघाला. त्याच्या सीडीच्या शेवटी नाव नसलेला एक तुकडा आहे, तब्बल 22 मिनिटांचा, क्वीनच्या सगळ्या अल्बममधला सर्वांत लांब. त्यात गाणं असं नाही, नुसते तरंगते सूर आहेत. लांबी हवी असेल तर तो ऐका. मला विचाराल तर त्याच अल्बमवरचं ‘मदर लव्ह’ ऐका. पाच मिनिटांच्या आतलं आहे. 1991 च्या मे महिन्यात, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या स्टुडिओत, फ्रेडी एकेक कडवं गात गेला आणि मग थकला. जरा विश्रांती घेतो, उरलेलं नंतर येऊन पूर्ण करतो, असं सांगून निघाला. शेवटचं कडवं ब्रायन मेच्या आवाजात आहे.