वाढविले एका देशाने, धाडले दुसरीकडे

लंडनच्या हायगेट दफनभूमीत कार्ल मार्क्सच्या समाधीच्या डाव्या बाजूस क्लॉडिया जोन्स यांची कबर आहे. जन्म त्रिनिदादचा, संगोपन न्यूयॉर्कचे आणि अखेर लंडनमध्ये, असा हा जीवनक्रम. त्यातील शेवटचे स्थलांतर मात्र त्यांच्यावर लादलेले होते. आईबापांमागून परदेशी आलेले मूल तेथेच लहानाचे मोठे झाले, तर प्रौढपणी त्यास हाकलून द्यावे काय, हा प्रश्न आज अमेरिकेत असंख्य कुटुंबांना भेडसावीत आहे. तो या चरित्राच्या प्रकाशात तपासण्याजोगा आहे.

क्लॉडिया यांचा जन्म १९१५ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे झाला. पहिल्या महायुद्धानंतर कोकोचा बाजार कोसळला आणि त्यात हे कुटुंबही होरपळले. आईवडील १९२२ मध्ये न्यूयॉर्कला गेले. फेब्रुवारी १९२४ मध्ये मुली त्यांच्यामागून आल्या, तेव्हा क्लॉडियांना नववे वर्षही पुरे झाले नव्हते. घर सोडण्याचा निर्णय बाजारभावाने आणि वडीलधाऱ्यांनी घेतला होता; त्या वयाच्या मुलीस त्यात विचारतो कोण?

हार्लेमच्या दारिद्र्यात त्या वाढल्या. कपड्यांच्या कारखान्यात राबणारी आई अकाली वारली. ओलसर घरात राहून सतराव्या वर्षी त्यांना क्षयाने गाठले. त्यांचे शिक्षण अमेरिकेतले, तसा वर्णद्वेषाचा अनुभवही तेथलाच. त्यातूनच १९३६ मध्ये त्या तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेत गेल्या आणि पुढे पत्रकार व वक्त्या म्हणून प्रसिद्धी पावल्या. त्यांनी नागरिकत्व मागितले. ते नाकारले गेले.

१९४८ पासून अटकसत्र सुरू झाले. १९५३ मध्ये स्मिथ कायद्याखाली त्यांना एक वर्ष एक दिवसाची शिक्षा ठोठावण्यात आली. त्याच खटल्यात एलिझाबेथ गर्ली फ्लिन यांना तीन वर्षांची शिक्षा झाली होती. पण फ्लिनबाई जन्माने अमेरिकन असल्यामुळे शिक्षा भोगून आपल्या घरी परतल्या. क्लॉडियांची शिक्षा कमी मुदतीची, पण तुरुंगातून सुटताच डिसेंबर १९५५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्रिनिदादच्या ब्रिटिश गव्हर्नरला त्या तेथे नको होत्या, म्हणून त्या लंडनला गेल्या. त्यांच्या राजकीय मतांशी मतभेद असू शकतील; प्रस्तुत लेखकाचेही आहेत. परंतु एकाच खटल्यातील दोघींपैकी एकीलाच ही जादा शिक्षा व्हावी, याला जन्मस्थानाखेरीज कोणता आधार होता?

अमेरिकेने गमावले ते ब्रिटनला लाभले. १९५८ मध्ये त्यांनी ब्रिक्स्टनमधून 'वेस्ट इंडियन गॅझेट' हे पत्र काढले. त्या कामी अभिमन्यू मनचंदा हे भारतीय गृहस्थ त्यांचे सहकारी होते. त्याच वर्षी नॉटिंग हिल भागात वांशिक दंगली उसळल्या. त्यावर उतारा म्हणून जानेवारी १९५९ मध्ये क्लॉडियांनी सेंट पँक्रस टाऊन हॉलमध्ये कॅरिबियन उत्सव भरविला. पुढच्या विख्यात नॉटिंग हिल कार्निव्हलचे मूळ त्यात शोधले जाते. डिसेंबर १९६४ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच, हृदयविकाराने त्यांचा अंत झाला.

आजची मुले क्लॉडियांइतकी प्रसिद्ध नाहीत. कित्येकांच्या आईबापांजवळ प्रवेशाची कागदपत्रेही नव्हती. अशा मुलांना मोफत सार्वजनिक शिक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. २०१२ मध्ये बालपणी आलेल्यांसाठी हद्दपारी लांबणीवर टाकण्याची योजना निघाली, पण नागरिकत्वाचा मार्ग तिने दिला नाही. म्हणजे शाळेचे दार उघडे आणि पुढचे बंद! एका पिढीच्या शिक्षणावर खर्च करावा आणि ती कमावती होताच तिला बाहेर घालवावे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

सीमा राखण्याचा राष्ट्राचा अधिकार निर्विवाद आहे. सवलत दिली की बेकायदा प्रवेशाला उत्तेजन मिळते, या आक्षेपातही तथ्य आहे. परंतु तो अपराध प्रौढांचा. त्याचे प्रायश्चित्त मुलांच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. बालपणाची ठरावीक वर्षे ज्याने एखाद्या देशात काढली, त्याच्यावर हद्दपारीचा इलाज चालणार नाही, अशी मर्यादा कायद्याने स्वतःस घालून घेतली पाहिजे. माणूस चांगला निघो की वाईट, ज्या देशाने त्याला घडविले त्यानेच त्याची जबाबदारी पत्करली पाहिजे.