लग्नाच्या बाजारावर महाराष्ट्राला हसायला लावणारा बुलढाण्याचा वकील

मेहकरकडून सिंदखेडराजाला जाताना दुसरबीड लागतं. उन्हाळ्यात या रस्त्यावर गेलात तर दर दोन-चार किलोमीटरवर एखादा मांडव दिसतो. वऱ्हाडाच्या गाड्या, डीजे, आणि कुठंतरी कोपऱ्यात रुसून बसलेला एखादा मामा. मुलगी बघणं, पत्रिका जुळवणं, देण्याघेण्याची बोलणी, मग ऐनवेळी काहीतरी बिनसणं. मराठी माणसाच्या लग्नात कॉमेडी लागतेच.

पण या कॉमेडीवर पहिल्यांदा लोकांना मनमोकळं हसायला कुणी शिकवलं?

तो माणूस याच बुलढाणा जिल्ह्यात वकिली करायचा. दुसरबीड घाटावर, तर त्याचं ऑफिस घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदला. त्याचं नाव श्रीपाद कृष्ण कोल्हटकर.

नाव ओळखीचं वाटतंय ना? शाळेत जे महाराष्ट्रगीत म्हटलं जायचं ते यांनीच लिहिलेलं. (आताचं राज्यगीत वेगळं, ते राजा बढे यांचं.) पण गीतापलीकडचे कोल्हटकर आज फारसे कुणाला माहीत नाहीत. म्हणून ही त्यांची गोष्ट.

वकिली शिकता शिकता नाटक

कोल्हटकरांचा जन्म 29 जून 1871 चा, नागपूरचा. शिक्षण बुलढाणा, अकोला असं करत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झालं. 1891 मध्ये ते बी.ए. झाले.

हे साल लक्षात ठेवा. याच वर्षी इंग्रज सरकारनं संमतिवयाचा कायदा केला. मुलीच्या संमतीचं वय 10 वरून 12 करायचं, एवढाच विषय. पण त्यावरून पुणं पेटलं होतं. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या बाजूला. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी लागायची. नवरा गेला की उरलेलं आयुष्य अंधारात. विधवाविवाहाचा कायदा 1856 लाच झाला होता, पण तो कागदावर. विशीतला एक तरुण हे सगळं बघत होता.

या प्रश्नावर भाषणं करणारे खूप होते. लेख लिहिणारेही होते. कोल्हटकरांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी ठरवलं, यावर नाटक करायचं, आणि तेही लोकांना हसवत.

1896 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीनं त्यांचं 'वीरतनय' रंगभूमीवर आणलं. कोल्हटकर तेव्हा अवघे 25 वर्षांचे. एलएल.बी. तर त्यानंतर, 1897 मध्ये पूर्ण झालं. म्हणजे गडी वकील व्हायच्या आधी नाटककार झाला.

असं वेगळं काय होतं?

तोवर संगीत नाटक म्हणजे बहुतेक पुराणातली नाहीतर संस्कृतातली गोष्ट, आणि कीर्तनाच्या वळणाची पदं. कोल्हटकरांनी दोन्ही बदललं. कथानक स्वतः रचलं आणि चाली घेतल्या त्या पारशी-उर्दू रंगभूमीच्या. त्या काळात पारशी नाटकांची गाणी म्हणजे आजच्या ट्रेंडिंग रील्सच. लोकांनी ती डोक्यावर घेतली.

मग 1901 मध्ये 'मूकनायक' आलं. याचा नायक प्रेमासाठी चक्क मुका असल्याचं सोंग घेतो. आता विचार करा, ज्या काळात मुलगा-मुलगी लग्नाआधी एकमेकांशी बोलू शकत नव्हते, त्या काळात न बोलताच प्रेम जमवणारा हिरो! आणि या गमतीच्या आडून दारूच्या व्यसनावर टोलेही हाणलेले.

पुढं 'गुप्तमंजूष'मध्ये स्त्रीशिक्षण आलं. 'मतिविकार'मध्ये विधवेच्या पुनर्विवाहाचा प्रश्न आला. मग 'प्रेमशोधन', 'वधूपरीक्षा', 'सहचारिणी'. नुसती नावं वाचली तरी कळतं, की हा माणूस पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी येत होता. लग्न नेमकं कुणाचं असतं? दोन माणसांचं, की दोन घराण्यांचं?

देवलांचं 'शारदा' याच काळातलं, 1899 चं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीची गोष्ट बघून लोक रडले. कोल्हटकर त्याच दुखण्यावर वेषांतरं, गैरसमज आणि शाब्दिक कोट्या घेऊन आले. रडवून जे होतं ते हसवूनही होऊ शकतं, असा त्यांचा हिशोब होता.

सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या

नाटकांइतकाच मोठा त्यांचा दुसरा उद्योग म्हणजे विनोदी लेख. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्यांची तीन पात्रं. हे तिघं जुन्या रूढींचे कट्टर समर्थक. ते इतक्या मनापासून रूढींची बाजू मांडतात, की वाचणाऱ्याला त्यातला फोलपणा आपोआप दिसतो. थेट टीका केली असती तर लोक चिडले असते. इथं वाचक हसता हसता स्वतःलाच पकडायचा.

1910 मध्ये असे 18 लेख पुस्तकात आले. पुढं त्यांची संख्या 32 झाली. हेच ते 'सुदाम्याचे पोहे'. मराठीत विनोदी लेखनाचा पाया इथं घातला गेला असं मानलं जातं.

शिष्य गुरूच्या पुढं गेला, आणि…

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्यांत एक पोरगा होता, राम गणेश गडकरी. विनोद, कोट्या, कल्पनांच्या उड्या, सगळं त्यानं गुरूकडून उचललं आणि दहापट करून दाखवलं. वि. स. खांडेकरही कोल्हटकरांना गुरू मानायचे.

पण आयुष्य काही नाटकासारखं लिहून ठेवलेलं नसतं. गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले. वय फक्त 33. त्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं तेव्हा ते हयात नव्हते. ज्या दारूच्या विषयावर गुरूनं हसत हसत नाटक लिहिलं होतं, त्याच विषयावर शिष्यानं महाराष्ट्राला रडवलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते शिष्याचं नाटक.

गुरू पुढं 15 वर्षं जगले. 1927 मध्ये पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भारतीय ज्योतिर्गणितावर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ग्रहांची गणितं त्यांना येत होती. पण ती आकाशातली. माणसाच्या नशिबाचं गणित त्यांनाही सुटलं नसणार.

1 जून 1934 ला कोल्हटकर गेले.

आज त्यांचं काय उरलं?

खरं सांगायचं तर त्यांची नाटकं आज होत नाहीत. योगायोग फार, कोट्या फार, भाषा जड. त्यांच्या हयातीतच काळ पुढं निघून गेला होता.

पण 1929 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचं वय 14 ठरलं. आज ते 18 आहे. कायदे सरकार करतं, पण ते पटण्याइतकं मन तयार व्हायला कुणीतरी आधी नांगरट करावी लागते. ती करणाऱ्यांत जळगाव जामोदचा हा वकीलही होता.

मुलगी बघायला गेल्यावर तिला चालून दाखव म्हणणारे आता कमी झालेत. पूर्ण संपले असं मात्र नाही. पुढच्या वेळी एखाद्या मांडवात हुंड्याची बोलणी 'भेटवस्तू' म्हणून चाललेली ऐकलीत आणि तुम्हाला हसू आलं, तर समजा, सुदामा अजून तुमच्या शेजारीच बसलाय.