रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या फुलमाळी समाजात जन्मलेल्या ज्या पुरुषांची ओळख समाजाबाहेरील लोकांनी अधिक ठेवली, त्यांत कै. नारायणराव लोखंडे यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्या खानदेशातील तरुणांस मात्र त्यांचे चरित्र फारसे ठाऊक नसते, म्हणून हा अल्प परिचय.

लोखंडे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसर गावचे. नारायणरावांचा जन्म 1848 साली ठाणे येथे झाला. शिक्षण बेताचेच झाले. प्रथम रेल्वेत व टपाल खात्यात नोकरी करून ते पुढे मुंबईच्या एका कापड गिरणीत भांडारपाल झाले. मजुरांचे हाल त्यांनी पाहिले ते येथेच. म. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते. कृष्णराव भालेकरांनी 1877 साली पुण्यात काढलेले 'दीनबंधु' पत्र बंद पडले, ते नारायणरावांनी 1880 मध्ये मुंबईत पुन्हा सुरू केले आणि अखेरपर्यंत चालविले.

त्या काळी गिरणीचे काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. रविवारीही यंत्रे पुसण्यासाठी मजुरांस यावेच लागे. आणि हे केवळ मुंबईतच होते असे वाचकांनी समजू नये. 1884-85 च्या कारखाना चौकशी मंडळापुढे आपल्या खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, ती वाचून अंगावर काटा उभा राहतो. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम. हंगाम भरात आला की आठ-आठ दिवस रात्रंदिवस तीच माणसे कामावर. आणि त्यांत स्त्रियांचाच भरणा अधिक! 1881 चा कारखाना कायदा झाला होता खरा, परंतु तो मुख्यतः मुलांपुरता होता.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायणरावांनी परळ येथे मजुरांच्या सभा भरविल्या. आठवड्यास एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार मजुरांच्या सह्या झाल्या. हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणून सांगितली जाते ती हीच. तिला ना वर्गणी होती, ना सभासदांची वही, ना नियमावली. काही पंडित यावरून तिला संघटना मानावयास तयार नसतात. निरक्षर मजूर अर्जावर अंगठा उठवावयास पुढे येतो, तेव्हा तो नोकरी पणास लावीत असतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

येथे कोणी विचारील की नारायणरावांनी संप का पुकारला नाही? संप ठाऊक नव्हता असे नव्हे. नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत 1877 मध्येच वेतनावरून संप झाला होता. परंतु कामगार संघांना कायद्याचा आधार मिळाला तो 1926 साली. त्यापूर्वी संपकऱ्यास बाहेर काढून दुसऱ्या दिवशी नवा माणूस उभा करणे मालकास सोपे होते. ही अडचण ओळखूनच पुढे बैठ्या संपाची युक्ती निघाली. मजुराने दाराबाहेर न जाता यंत्रापाशीच ठाण मांडावे, म्हणजे त्याची जागा घेणार कोण? अमेरिकेत फ्लिंट गावी मोटार कारखान्यातील कामगार 30 डिसेंबर 1936 पासून 44 दिवस असे बसून राहिले आणि बलाढ्य जनरल मोटर्स कंपनीस त्यांचा संघ मान्य करावा लागला. नारायणरावांच्या हाती यातले काहीच नव्हते. तरी हात आवरण्याचे सामर्थ्य त्यांनी जाणले होते. 1890 साली त्यांच्या प्रेरणेने मुंबईच्या नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला. ज्या कामाची मजुरी मिळते तेच काम अन्याय म्हणून नाकारणे, आणि तेही दुसऱ्याच्या लेकीबाळींसाठी! माझ्या मते तो संपाहून अधिक थोर संप होय.

त्याच वर्षी 24 एप्रिल रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार मजूर जमले. दोन स्त्रियांनीही भाषणे केली. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारचा अर्धा तास सर्वत्र लागू झाला, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले. जळगावची गिरणी त्या वेळी चालू होती. अमळनेर व धुळे येथील प्रतापशेठांच्या गिरण्या मागाहून निघाल्या. पुरुषांच्या तासांना मात्र 1911 पर्यंत मर्यादा पडली नाही.

1893 च्या मुंबईतील हिंदु-मुसलमान दंग्यात नारायणरावांनी सलोख्यासाठी अहोरात्र खटपट केली. 1895 मध्ये सरकारने त्यांस रावबहादूर केले. लवकरच मुंबईत प्लेग आला. पैसेवाले शहर सोडून गेले. नारायणराव राहिले आणि त्यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय काढले. त्या सेवेतच त्यांस प्लेगने गाठले व 9 फेब्रुवारी 1897 रोजी, पन्नाशीही पुरी होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाईही त्याच रोगाच्या सेवेत गेल्या. भारत सरकारने 2005 साली नारायणरावांचे टपाल तिकीट काढले.