पतपेढीतून उभा राहिलेला कारखाना : विठ्ठलराव विखे पाटील

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर माणसावर लिहा, असं समितीने सांगितलं तेव्हा माझ्यासमोर पहिलं नाव आलं ते पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांचं. कोणी विचारेल, की लोणी कुठे, आपली अंतरवाली सराटी कुठे, आणि साखर कारखान्याचा हाउसिंग सोसायटीशी काय संबंध? संबंध आहे. आपल्या सोसायटीचा कारभार ज्या 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतो, त्याच कायद्याखाली साखर कारखाने चालतात. भाग, सभासद, वार्षिक सर्वसाधारण सभा, एका सभासदाला एक मत, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. आणि दुसरं असं, की प्रवरा नदी प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते, तिथून ते पाणी नाथसागरात येतं आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आपल्या अंबड तालुक्याकडे वळतं. म्हणजे लोणीकडचं पाणी शेवटी आपल्याही शेतात येतं. येतं तेव्हा येतं म्हणा! वरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दर दुष्काळात काय भांडणं होतात ते आपण पाहतोच.

विठ्ठलराव 1897 साली नारळी पौर्णिमेला अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणी बुद्रुक गावी जन्मले. शेतकरी कुटुंब. शिक्षण गावच्या शाळेपुरतं. तेव्हाचा नगर जिल्हा म्हणजे दुष्काळ आणि सावकार. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खतं-दस्तऐवज जाळले होते. इंग्रज सरकारने त्यानंतर कायदा केला, पण शेतकऱ्याची नड काही संपली नाही. बी घ्यायला, बैल घ्यायला, लग्नकार्याला पैसा लागायचा, आणि तो सावकाराकडेच मिळायचा.

1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. कायदा असला तरी गावात संस्था काढायला कोणीतरी उठावं लागतं. लोणीत ते काम विठ्ठलरावांनी केलं. 1923 साली, पंचविशी गाठल्यावर, त्यांनी लोणी बुद्रुकची सहकारी पतपेढी काढली. सभासदाला वाजवी व्याजाने कर्ज, पिकावर वसुली, हिशेब चोख. एवढ्यावरच ते थांबले असते तरी गावाने त्यांचं नाव काढलं असतं. त्या काळात राज्यात अशा शेकडो पतपेढ्या निघाल्या. काही चालल्या, बऱ्याच थकबाकीत बुडाल्या. आणि बऱ्याच नुसत्या चालत राहिल्या. दरसाल कर्ज द्यायचं, दरसाल वसूल करायचं, सभेत चहा प्यायचा, इतिवृत्त कायम करायचं. (आपल्या सभांशी साम्य वाटलं तर कोणी रागावू नये.)

विठ्ठलरावांचं वेगळेपण इथून सुरू होतं. कर्ज थकतं ते सभासद लबाड असतो म्हणून नाही, त्याच्या मालाला भाव मिळत नाही म्हणून थकतं, हे त्यांनी ओळखलं. भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले आणि त्या पट्ट्यात ऊस वाढला. उसाचा गूळ करायचा. गुऱ्हाळ लावायचं, चुलवाण पेटवायचं, काहिलीतला रस आटवून ढेपा पाडायच्या आणि अडतीवर न्यायच्या. भाव ठरवणार व्यापारी. 1930 च्या सुमारास जगभर मंदी आली आणि गुळाचा भाव असा कोसळला की उत्पादनाचा खर्चही निघेना. मग पतपेढीने कितीही कमी व्याजाने कर्ज दिलं तरी सभासद ते फेडणार कुठून?

तेवढ्यात 1932 साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं आणि कालव्यांच्या भागात खाजगी कारखाने निघाले. नगर जिल्ह्यात बेलापूर कंपनीचा हरेगावचा कारखाना तर त्याआधीपासूनच होता. या कंपन्या शेतकऱ्यांच्या जमिनी वर्षानुवर्षांच्या खंडाने घ्यायच्या आणि स्वतःच ऊस पिकवायच्या. जमिनीचा मालक आपल्याच जमिनीवर मजुरीला जायचा. नफा जायचा मुंबईला. साखर आपल्याच शिवारातल्या पाण्यावर होते, मग कारखाना आपला का नको, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

आज हा प्रश्न सोपा वाटतो. तेव्हा तो वेडेपणाचा होता. पतपेढीचं काम शेकड्यातलं आणि हजारातलं, कारखान्याचं लाखातलं. यंत्रं परदेशातून आणायची, परवाना दिल्लीहून मिळवायचा, आणि भांडवल कोणाचं, तर ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे त्यांचं! जमलेल्या संस्थेला नव्या धाडसात उतरवणं हे नवी संस्था काढण्यापेक्षा अवघड असतं, असं मला वाटतं. नव्या संस्थेत गमावायला काही नसतं. जुन्या संस्थेत वीस वर्षांची पत पणाला लागते. विठ्ठलरावांनी ती पत लावली. पतपेढीमुळे लोकांना त्यांच्या हिशेबाची खात्री होती, आणि त्याच खात्रीवर त्यांनी गावोगाव हिंडून कारखान्याचे भाग विकले.

या कामात त्यांना एक मोठा माणूस लाभला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे डॉ. धनंजयराव गाडगीळ. 1945 साली कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष गाडगीळ होते. एक केंब्रिजला शिकलेला अर्थशास्त्रज्ञ आणि एक गावच्या शाळेतून बाहेर पडलेला शेतकरी, ही जोडी जमली हेच नवल. विठ्ठलरावांचा मोठेपणा असा, की कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्षपदाच्या खुर्चीवर त्यांनी गाडगिळांना बसवलं. पहिली जवळजवळ दहा वर्षं गाडगीळच अध्यक्ष होते. आपण राबलो म्हणून खुर्ची आपलीच, हा हट्ट त्यांनी धरला नाही. संस्थेत ज्ञान बाहेरून आणावं लागतं आणि आणलेल्या माणसाला मान द्यावा लागतो, हे त्यांना कळत होतं.

तिसरा हात सरकारचा. मुंबई राज्याचे अर्थ आणि सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता स्वतः जुने सहकारी कार्यकर्ते. सरकारने कारखान्याचे भाग घेतले, औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळालं. कारभार मात्र निवडून दिलेल्या सभासदांच्या हाती राहिला. सरकार भागीदार, पण मालक ऊस उत्पादक, ही रचनाच मुळात नवी होती. पुढे राज्यातले बहुतेक सहकारी कारखाने याच साच्यावर निघाले.

लोणीकडे भाग गोळा होत होते तेव्हा गोदावरीच्या अलीकडे आपल्या भागात निजामाचं राज्य होतं. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, तोवर इथल्या शेतकऱ्याला संस्था काढण्याचा विचार करायलाही सवड नव्हती. आपण मागे का राहिलो याचं एक कारण हेही आहे.

1950 च्या अखेरीस प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. रोज सुमारे 500 टन ऊस गाळण्याचा तो कारखाना आजच्या मानाने छोटाच. पण शेतकऱ्यांनी सहकारातून स्वतः उभा करून यशस्वी चालवलेला तो आशियातला पहिला म्हणून ओळखला जातो. मग दिल्लीतही धोरण बदललं आणि 1955 च्या सुमारापासून नवे परवाने देताना सहकारी कारखान्यांना झुकतं माप मिळू लागलं. वारणेला तात्यासाहेब कोरे, अकलूजला शंकरराव मोहिते पाटील अशी माणसं पुढे आली. आपल्या तालुक्यातला अंकुशनगरचा समर्थ कारखानाही त्याच वाटेवरचा, पण कालव्याचं पाणी आल्यानंतरचा.

कारखाना चालला, तेव्हा विठ्ठलराव पुन्हा थांबले नाहीत. उसाच्या बिलातून सभासदांच्या संमतीने ठरावीक कपात व्हायची आणि त्यातून गावांची कामं. 1964 साली प्रवरा पब्लिक स्कूल निघालं. शेतकऱ्याच्या पोराला शहरातल्या श्रीमंतांसारखी निवासी शाळा, हे तेव्हा कोणाला पटणारं नव्हतं. पुढे रुग्णालय आलं. 1961 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी पंडित नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. लोक त्यांना नुसतं पद्मश्री म्हणूनच ओळखू लागले.

सगळं गोडच सांगायचं तर स्मरणिकेत जागा भरपूर आहे, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारखान्याचा मालक ऊस पिकवणारा झाला, ऊस तोडणारा झाला नाही. आपल्या जालना-बीडकडची हजारो कुटुंबं दरसाल दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, पोरांची शाळा सुटते, पाचटाच्या खोपीत सहा महिने जातात. त्यांना भाग नाही, सभेत मत नाही. विठ्ठलरावांनी सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडवला, पण मुकादमाच्या उचलीतून तोडकरी सुटायचा राहिला. आणि पुढे कित्येक कारखाने सभासदांचे न राहता पुढाऱ्यांचे झाले, काही तर विकले गेले. सभासदाने सभेला जाणं सोडलं की असं होतं.

27 एप्रिल 1980 रोजी विठ्ठलराव गेले. लोणीची पतपेढी काढल्याला तेव्हा सत्तावन्न वर्षं झाली होती. त्यांचा वाढदिवस तिथीने, नारळी पौर्णिमेला, शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे त्या दिवशी नारळीभात असतो, तेव्हा या निमित्ताने लोणीच्या त्या पतपेढीची गोष्ट मुलांना सांगायला हरकत नाही.