ज्याची छोटी गाडी कंपनीनं गुंडाळली, त्याचं नाव आज लाखो गाड्यांच्या पुढच्या चाकांना जोडलंय

कुठल्याही गाडीचं ब्रोशर उघडा. मायलेज, एअरबॅग, टचस्क्रीन सगळं वाचून झालं की खाली बारीक अक्षरात एक ओळ सापडते. फ्रंट सस्पेंशन : मॅकफर्सन स्ट्रट. मारुती 800 ला पुढे हेच होतं. पोर्शे 911 च्या बहुतेक मॉडेलना पुढे हेच आहे.

स्पोर्ट्स कारला बाहेरून कॉइलओव्हर बसवायचे म्हटलं, तरी जाणकार मेकॅनिक आधी हेच बघतो की पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे की डबल विशबोन. कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

तर हे मॅकफर्सन म्हणजे कंपनी नाही. हा एक माणूस होता. अर्ल स्टील मॅकफर्सन.

जन्म 1891 चा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या हायलँड पार्कचा. 1915 मध्ये इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर होऊन तो बाहेर पडला आणि डेट्रॉइटमध्ये चाल्मर्स या मोटार कंपनीत लागला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातर्फे युरोपात जाऊन विमानांच्या इंजिनांवर काम केलं. परत आल्यावर आधी लिबर्टी आणि मग हप या कंपन्यांत नोकरी केली. या तिन्ही कंपन्या पुढं बंद पडल्या. 1934 मध्ये मॅकफर्सन जनरल मोटर्समध्ये आला आणि थोड्याच काळात शेवरले विभागात डिझाइनचा मुख्य इंजिनिअर झाला.

खरी गोष्ट सुरू होते 1945 मध्ये.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युद्धानंतर लोकांकडं पैसा कमी असेल, त्यांना छोटी आणि स्वस्त गाडी लागेल असा शेवरलेचा अंदाज होता. या प्रोजेक्टचं प्रमुखपद मॅकफर्सनकडं आलं. गाडीचं नाव ठरलं कॅडेट. वजन साधारण 1000 किलो आणि किंमत 1000 डॉलरच्या आत, असं टार्गेट होतं.

मॅकफर्सनला मात्र ही गाडी फक्त स्वस्त नको होती. ती चालवायलाही चांगली हवी होती. त्या काळात अमेरिकन गाड्यांना मागं आख्खा आडवा अ‍ॅक्सल आणि पाटे असायचे. अशा अ‍ॅक्सलचं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलतं. हलक्या गाडीत तर हे धक्के जास्तच जाणवतात. त्यामुळं मॅकफर्सननं चारही चाकं स्वतंत्र ठेवायचं ठरवलं.

अडचण पैशाची होती. स्वतंत्र सस्पेंशन म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक आर्म, खाली एक आर्म, वेगळी स्प्रिंग, वेगळा शॉकअप. इतके सुटे भाग 1000 डॉलरच्या गाडीत बसणार कसे?

मॅकफर्सननं वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअपची नळी उभी आणि मजबूत केली, तिच्याभोवती कॉइल स्प्रिंग बसवली, खालचं टोक चाकाच्या हबला घट्ट जोडलं आणि वरचं टोक थेट बॉडीला. खाली फक्त एक आर्म उरला. म्हणजे धक्का झेलायचा, वजन पेलायचं आणि चाक जागेवर धरायचं, ही तिन्ही कामं एकाच खांबानं करायची. पुढच्या बाजूला स्टिअरिंग फिरवलं की चाकासोबत हा खांबही फिरतो.

कल्पना अगदी शून्यातून आलेली नव्हती. फियाटच्या ग्विडो फोर्नाकानं 1920 च्या दशकात अशाच रचनेचं पेटंट घेतलं होतं. पण स्वस्तात, मोठ्या संख्येनं बनवता येईल असं रूप तिला मॅकफर्सननं दिलं.

कॅडेटचे नमुने तयार झाले, रस्त्यावर पळालेसुद्धा. पण बाजार उलटा निघाला. युद्धकाळात गाड्यांचं उत्पादन थांबलेलं, त्यामुळं लोक मोठ्या गाड्यांसाठीच रांगा लावून उभे होते. स्टीलची टंचाई होती. ठरलेल्या किमतीत फायद्याचं गणितही जमेना. 1947 मध्ये जनरल मोटर्सनं कॅडेट गुंडाळली. मॅकफर्सन तेव्हा पन्नाशी ओलांडलेला होता आणि ज्या गाडीवर सगळं पणाला लावलं ती शोरूमपर्यंत पोचलीच नाही.

त्याच वर्षी त्यानं जनरल मोटर्स सोडली आणि थेट स्पर्धक फोर्ड गाठली. पण स्ट्रटच्या पेटंटचा अर्ज जनरल मोटर्सच्या नावावर झालेला होता. त्यामुळं फोर्डमध्ये त्यानं रचनेवर पुन्हा काम केलं. अँटी रोल बारकडूनच खालच्या आर्मचं अर्धं काम करून घेतलं आणि आणखी भाग वाचवले.

1950 मध्ये लंडनच्या मोटार शोमध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्या आल्या. दोन्हींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट होते. पुढं फोर्ड अँग्लियातही ते आले. लोटसच्या कॉलिन चॅपमननं तर तीच कल्पना रेसिंग आणि स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांना लावली.

मॅकफर्सन 1952 मध्ये फोर्डच्या इंजिनिअरिंगचा प्रमुख झाला, 1958 मध्ये निवृत्त झाला आणि 1960 मध्ये वारला. गंमत म्हणजे फोर्डच्या अमेरिकेत बनणाऱ्या गाड्यांत त्याचा स्ट्रट त्याच्या हयातीत आलाच नाही.

खरा स्फोट नंतर झाला. 1970 च्या दशकात इंजिन आडवं ठेवून पुढची चाकं फिरवणाऱ्या छोट्या गाड्यांची लाट आली. फोक्सवॅगन गोल्फ त्यातलीच. वरचा आर्म नसल्यामुळं मिळालेली जागा या आडव्या इंजिनाला कामी आली. 1983 मध्ये आपल्याकडं मारुती 800 आली, ती हाच स्ट्रट घेऊन.

आता कॉइलओव्हरकडं या. टोयोटा जीटी86 सारख्या स्पोर्ट्स कारला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे डबल विशबोन असतं. तिला कॉइलओव्हर निवडताना मॅकफर्सननं स्वस्ताईसाठी केलेल्या तडजोडी एकेक करून समोर येतात.

पहिली, गाडी किती खाली घ्यायची. फार खाली घेतली की खालचा आर्म चाकाकडं वर चढतो. मग वळणावर चाक उभं राहण्याऐवजी बाहेर कलतं आणि गाडी जास्त झुकते. म्हणजे दिसायला रेसर, वळायला आधीपेक्षा वाईट.

दुसरी, उंची कशी बदलते. स्वस्त किटमध्ये फक्त स्प्रिंगची खालची वाटी फिरवून गाडी खाली येते. त्यात शॉकअपचा प्रवास कमी उरतो आणि खड्ड्यात तो तळाला आपटतो. चांगल्या किटमध्ये खालचा ब्रॅकेट फिरवून उंची वेगळी बदलता येते, प्रवास तेवढाच राहतो.

तिसरी, बाजूचा दाब. इथं शॉकअपच चाक धरतो, म्हणून वळणावर त्याच्या रॉडवर आडवा जोर येतो. त्यासाठी काही किटमध्ये शॉकअप उलटा बसवतात, म्हणजे बारीक रॉडऐवजी जाड नळी तो जोर घेते.

चौथी, वरचं माउंट. कॅम्बर प्लेटनं चाकाचा कल बदलता येतो, ट्रॅकवर त्याचा फायदा होतो. पण रबराच्या जागी धातूचं बेअरिंग आलं की रस्त्याचा आवाज आणि हादरे थेट केबिनमध्ये येतात. रोज ऑफिसला जायच्या गाडीला हा सौदा महागात पडतो.

पाचवी, स्प्रिंगचा आकडा. स्ट्रटमध्ये चाक जितकं वर जातं जवळपास तितकीच स्प्रिंग दबते. विशबोनमध्ये ती कमी दबते. म्हणून पुढे आणि मागे सारखाच आकडा लिहिला असला तरी चाकाला जाणवणारा कडकपणा सारखा नसतो.

यातलं काहीही ठरवण्याआधी एकदा बॉनेट उघडून बघा. इंजिनच्या दोन्ही बाजूंना, काचेकडच्या अंगाला, बॉडीत दोन गोल उंचवटे दिसतात. बहुतेक गाड्यांत प्रत्येकावर तीन नट असतात. त्या नटांखाली लटकलेला खांब म्हणजे 1000 डॉलरच्या त्या न आलेल्या गाडीसाठी मॅकफर्सननं शोधलेलं उत्तर.