डॉ. आल्फ्रेड फोन्स

दात ठणकू लागल्यावाचून दंतवैद्याची पायरी चढायची नाही, ही रीत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील पुष्कळ घरांत आजही दिसते. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतही लोक तसेच वागत. किडलेला दात उपटणे किंवा भरणे, एवढेच दंतवैद्याचे काम समजले जाई. ही समजूत पालटावी म्हणून ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या आल्फ्रेड फोन्सची ही कथा.

फोन्स यांचा जन्म 1869 साली कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या गावी झाला. वडीलही दंतवैद्य होते आणि काही काळ त्या शहराचे महापौरही होते. मुलाने न्यूयॉर्कच्या दंत महाविद्यालयातून 1890 साली पदवी मिळवली व वडिलांबरोबर व्यवसाय सुरू केला. पुढे 1899 मध्ये फिलाडेल्फियाचे डॉ. स्मिथ यांचे एक व्याख्यान त्यांच्या कानी पडले. दात ठरावीक काळाने नीट घासून स्वच्छ केले, तर ते किडण्यापूर्वीच वाचवता येतात, असा त्याचा आशय होता. फोन्स यांनी काही वर्षे स्वतःच्या रुग्णांवर हा प्रयोग केला. गुण तर आला. पण एकट्या वैद्याला इतका वेळ आणायचा कोठून?

तेव्हा 1906 साली त्यांनी आयरीन न्यूमन या आपल्या नात्यातील व दवाखान्यात मदतनीस असलेल्या तरुणीला दातांवरचे कीटण काढण्याचे व दात घासून गुळगुळीत करण्याचे काम शिकवले. तोंडातले काम वैद्येतर माणसाच्या हाती द्यावे, ही कल्पना अनेक दंतवैद्यांना पटणारी नव्हती. ओहायो राज्यात असाच एक वर्ग 1910 साली निघाला होता. तो तेथील दंतवैद्यांच्या विरोधामुळे बंद पडला. फोन्स मात्र डगमगले नाहीत.

17 नोव्हेंबर 1913 रोजी त्यांनी दवाखान्याजवळच्या गाडीखान्यात शाळा उघडली. गाडीखान्यात भरलेल्या या वर्गाला शिकवण्यासाठी मोठमोठ्या विद्यापीठांतील अध्यापक येत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विद्यार्थिनींमध्ये शिक्षिका, परिचारिका व दंतवैद्यांच्या पत्नीही होत्या. पुढच्या जूनमध्ये 27 जणी उत्तीर्ण झाल्या. ‘नर्स’ म्हटले की आजार आठवतो, म्हणून फोन्स यांनी त्यांना आरोग्याची आठवण देणारे ‘डेंटल हायजिनिस्ट’ हे नाव दिले.

यांतील काहीजणींना ब्रिजपोर्टच्या शाळांत नेमण्यात आले. त्या मुलांचे दात स्वच्छ करीत आणि ब्रश हिरड्यांसकट गोल गोल कसा फिरवावा, हे वर्गातच शिकवीत. (आपल्यापैकी कितीजणांना कोणी असे हातात ब्रश देऊन शिकवले आहे?) पुढे 1917 मध्ये राज्याने या व्यवसायाला परवाना दिला, आणि पहिला परवाना आयरीन न्यूमन यांना मिळाला. फोन्स यांच्या शाळेतून तीन तुकड्यांत 97 जणी बाहेर पडल्या. 1938 साली फोन्स निवर्तले. 1949 मध्ये ब्रिजपोर्टच्या विद्यापीठात त्यांच्या नावाची शाळा निघाली.

आपल्या देशात 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने हायजिनिस्टच्या नोंदणीची सोय केली. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम ठरला. दात उपटणे वा भरणे या व्यवसायात येत नाही. स्वच्छता करणे, तपासून दोष वैद्याच्या नजरेस आणणे आणि शिकवणे, हे यातले काम. मात्र हा अभ्यासक्रम प्रत्येक दंत महाविद्यालयात नसतो. हैदराबाद व नागपूर या दोन्ही ठिकाणी शासकीय दंत महाविद्यालये आहेत. इच्छुकांनी तेथे व अन्यत्र आधी चौकशी करावी. महाविद्यालयांची रुग्णालये व मोठे दवाखाने येथे काम मिळते. पण आपल्याकडे पुष्कळ दंतवैद्य दात साफ करण्याचे काम स्वतःच करतात, त्यामुळे जागा थोड्या असतात. वैद्याने हे काम दुसऱ्या शिकलेल्या हाती सोपवावे की नाही, हा 1906 सालचा ब्रिजपोर्टमधला प्रश्न आपल्याकडे अजून पुरता सुटलेला नाही.